काका, तुम्ही मॉनिटर माझ्याकडे वळवलात

आदरणीय काका,

नाव लिहू नको, दुकानावर गर्दी झेपत नाही, असं तुम्ही निघताना बजावलंत म्हणून नाव घेत नाही. डिचोलीत ज्यांनी कधीकाळी तुमच्याकडून रेडिओ नाहीतर टीव्ही दुरुस्त करून नेला असेल, ते बरोबर ओळखतील.

काल रात्री आमच्या देवळातल्या उत्सवी नाटकाचं रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं, एका दमात पूर्ण झालं. तीन अंक, चार कॅमेरे. सव्वादोनला ती हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली आणि मला रडू आलं. आई उठून आली, तिला वाटलं पुन्हा बंद पडलं. एप्रिलपासून या घरात कॉम्प्युटर आणि माझं रडणं ही जोडीच झाली होती.

तो कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला, हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं होतं. एकेक भाग पैसे साठवून घेतला. रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर घेतला, तो ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवला, सगळे कोअर ४.२ गिगाहर्ट्झवर नेऊन बसवले, आणि दोन वर्षं एकदाही कुरकूर नाही. मग काम वाढलं म्हणून आधीच्या दोन रॅमना, म्हणजे मेमरीच्या स्टिकना, आणखी दोन तशाच जोडल्या. त्यानंतर हे सुरू झालं. कधी रेंडर अर्ध्यावर असताना निळी स्क्रीन, कधी नुसती फाइल कॉपी करताना. दर वेळी वेगळा एरर. एकदा नारदाच्या चेहऱ्यावर हिरवा चौकोन उमटला, मूळ रेकॉर्डिंगमध्ये त्याचा पत्ता नव्हता.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन दुकानं केली, एक पणजीत आणि एक म्हापशात. पणजीत काउंटरवरून कॅबिनेट आत नेलं, पडदा ओढला, आणि तीन दिवसांनी विंडोज नव्याने टाकून परत दिलं. घरी आणल्यावर तासाभरात बंद. म्हापशात म्हणाले, गोव्याची हवा दमट, मदरबोर्ड गंजला असणार, नवा घ्या. बोर्ड उघडून दाखवा म्हटलं तर दाखवला नाही. वर विचारलं, "घरात कोणी जाणकार माणूस आहे का? त्याला पाठवा." आणि ओव्हरक्लॉक केलंय हे कळल्यावर तर विषयच संपला. तूच छेडछाड केलीस, आता तूच निस्तर.

काका, त्या वाक्याने मी मोडले होते. मला यातलं काही कळत नाही, उगाच हात घातला, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

तुमच्याकडे आले तो दिवस पावसाचा. कॅबिनेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कदंबा बसमधून मांडीवर घेऊन आले. कंडक्टरने न सांगता पुढची कोरडी सीट दिली, त्यालाही इथेच धन्यवाद. तुम्ही आधी मला पुसायला पंचा दिलात आणि मग कॅबिनेटला. वायर जोडल्या, स्क्रीन सुरू झाली, आणि तुम्ही दोन्ही हातांनी मॉनिटर धरून माझ्याकडे वळवलात. स्टूल ओढलंत. "हांगा बस गो बाय. तुका दिसपाक जाय."

मला दिसलं पाहिजे! दोन दुकानांत, चार महिन्यांत, हे एक वाक्य मला कोणी म्हटलं नव्हतं. तिथे मी गिऱ्हाईक होते, नाहीतर गुन्हेगार. तुमच्याकडे मी ते यंत्र बांधणारी होते. काय काय बदललंस ते सांग, आठवेल तसं सांग, म्हणालात, आणि शाळेच्या वहीत लिहून घेतलंत. ओव्हरक्लॉकचा आकडा ऐकून कपाळाला आठी नाही. उलट विचारलंत, व्होल्टेज किती दिलं होतंस? मी १.३ म्हटल्यावर मान हलवलीत. त्या मान हलवण्याने मला किती धीर आला, हे तुम्हाला ठाऊक नसेल.

बाकीचं सगळं इथे लिहीत बसत नाही. आधी सारं मूळ सेटिंगवर नेलंत आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदललीत. प्रोसेसर ४.२ वर दिवसभर शांत चालला. रॅमच्या दोन्ही जोड्या वेगवेगळ्या लावून रॅमच्या ३६०० या वेगावर मेमटेस्ट, म्हणजे मेमरीची चाचणी, केली, स्वच्छ. चारही एकत्र लावल्या आणि वीस मिनिटांत एररची पहिली लाल ओळ आली. तुम्ही काही बोलला नाहीत, त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलंत. मला आपोआप कळलं. एकही भाग बिघडलेला नव्हता. मेमरी सांभाळणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, आणि मेमरीकडे जाणाऱ्या एकेका वाटेवर, म्हणजे चॅनेलवर, दोन-दोन स्टिक आल्या की त्याच्यावर भार पडतो. चार स्टिकना प्रोसेसरची कंपनी २९३३ पर्यंतच्याच वेगाची हमी देते, ३६०० हे रॅमच्या खोक्यावर छापलेलं असलं तरी तेही ओव्हरक्लॉकच, हे मला तुमच्याकडे कळलं. ३२०० वर आणून रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवलीत. सकाळी तुमचा फोन आला, "चारूय फेरयो झाल्यो, एक पसून एरर ना."

गंजलेल्या म्हणून सांगितलेल्या त्या बोर्डावर, काका, तुम्ही बॅटरीचा उजेड टाकून मला दाखवलंत. गंजाचा एक ठिपका नव्हता.

रॅम काढण्याआधी दर वेळी तुम्ही कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावत होता. अंगातली स्थिर वीज जाऊ दे म्हणून. ते मीही करते, पण घाईत विसरते. तुम्ही एकदाही विसरला नाहीत, माझ्या वस्तूसाठी. दुसऱ्याच्या कष्टाच्या वस्तूला असा हात लावणारी माणसं अजून आहेत, आणि ती बहुधा पाटी न लावता बसलेली असतात. तीनशे रुपये घेतलेत. मी पाचशेची नोट पुढे केली तर दोनशे परत दिलेत आणि वर ती वही माझ्या पिशवीत टाकलीत.

वही कॉम्प्युटरच्या शेजारीच ठेवली आहे. परवा बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या जागी, एक सेटिंग बदलली, तेव्हा तुमच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख घालून मी माझी पहिली नोंद केली.

चतुर्थीच्या नेवऱ्या आई तुमच्यासाठी वेगळ्या काढणार आहे. त्या घेऊन येईन, वहीसुद्धा आणीन. माझी नोंद एकदा बघा.

तुमची,
साखळीची मुलगी