पिकअपचा सायलेन्सर : नुसत्या ड्रायव्हरला नको, विकणाऱ्यालाही धरा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

बुलेटच्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवला असे फोटो पेपरात अधूनमधून येतात, चांगलंच आहे. पण आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात रात्रीची झोपमोड करणाऱ्या बुलेट कमी आणि पिकअप जास्त. टोमॅटो नाहीतर कोथिंबीर भरून वाशीला निघालेली गाडी रात्री दीड-दोनला गावातून जाते आणि म्हातारी माणसं दचकून उठून बसतात. रात्री दहा ते सकाळी सहा रहिवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा नियमात लिहिलीये, मोजतंय कोण?

माझी स्वतःची पिकअपच आहे, त्यामुळे दुसरी बाजूपण सांगतो. सगळेच काही हौस म्हणून आवाज करत नाहीत. कंपनीचा सायलेन्सर आतून सडतो, कारण धुरातलं पाणी आत साचतं आणि गाडी मळा ते गाव एवढीच फिरली तर तो नीट तापत नाही, पाणी वाळतच नाही. मग शोरूमची किंमत ऐकून माणूस लोकल मालाकडे वळतो, आणि दुकानात सल्ला काय मिळतो तर "मोकळा टाका, ॲव्हरेज वाढेल, घाटात ओढेल." अहो टर्बो डिझेलची ताकद डिझेल किती पडतं आणि टर्बो किती हवा देतो यावर असते, मागचा डबा रिकामा केला म्हणून माल भरलेली गाडी माळशेज घाटात उडत जात नाही, आवाज तेवढा वाढतो. हां, उलटी गडबडपण होते. काही लोकल सायलेन्सरमध्ये बाहेरून पाईप बरोब्बर मापाचा आणि आत बारीक नळी, मग धूर कोंडतो आणि चढाला इंजिन तापतं. म्हणून बाहेरचं माप घेऊन भागत नाही, आतला व्यास बघा.

दुकानात मोबाईलची बॅटरी लावून एका तोंडातून बघायचं. दुसऱ्या टोकाचा उजेड सरळ दिसला आणि मधे जाळीच नसली तर ती नुसती फुंकणी आहे, घेऊ नका. जाळीभोवती काचेची लोकर भरलेला प्रकार सुरुवातीला शांत वाटतो पण डिझेलच्या काजळीत आणि उष्णतेत ती लोकर जळून उडून जाते, मग वर्षभरात बोंबाबोंब सुरू. आत पडदे घालून कप्पे केलेला असतो तो वजनाला जड, पण आमच्या कामाला तोच टिकतो. हातात धरून हलवा, खुळखुळ वाजला तर आतला पडदा सुटलेला आहे. पत्रा कसला ते विचारा, साधा लोखंडी स्वस्त पडतो पण पावसाळ्यात गंजतो, कोकणात तर विचारूच नका, स्टेनलेस महाग पण वसूल होतो.

फिटिंगवाल्यांचं तर वेगळंच. सायलेन्सर टांगायचं रबर मिळत नाही म्हणून तो थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग मारतात, इंजिन हलतं आणि चासी हलत नाही, मग पुढच्या जॉइंटला तडा जातो आणि धूर केबिनखाली. थंडीत काचा लावून रात्रभर चालवणाऱ्याचं डोकं का दुखतं ते तिथे वाकून बघा. वेल्डिंगच्या आधी गाडीच्या बॅटरीची वायर काढायलाही कित्येक जण विसरतात. काहीजण पाईप बाजूला वळवून देतात आणि उष्णता अडवणारा पत्रा फेकून देतात, अशा गाडीत कडबा भरायचा म्हणजे आगीला आमंत्रणच.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) डिझेल गाड्यांचा तर नादच करू नका. त्यात सायलेन्सरच्या पुढे काजळी अडवणारा फिल्टर आणि सेन्सर असतात, ते कापले की मीटरवर लाईट लागते, गाडी ओढत नाही, मग परत खर्च. जुन्या बाजारातला "ओरिजनल" घेतानाही जरा दमानं, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम-पॅलेडियम या महागड्या धातूंसाठी मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या तुम्हीच छापल्यात.

माझा मुद्दा एवढाच की कारवाई नेहमी गाडीवाल्यावर होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, गाडीत बदल केला तर वेगळं कलम. पण जो दुकानदार रस्त्यावर उघड्यावर फुंकण्या टांगून विकतो त्याच्याकडे कोणी बघत नाही. पीयूसीत डिझेल गाडीचा धूर तपासतात, आवाज नाही. आणि पासिंगच्या दिवशी कंपनीचा सायलेन्सर भाड्याने मिळतो हे आरटीओला माहीत नाही असं म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. बदली सायलेन्सरवर कुठल्या गाडीचा, बनवणारा कोण, चाचणी झाली का, एवढं पत्र्यावर ठोकून लिहिणं सक्तीचं करा आणि पक्कं बिल द्यायला लावा, आज बिल मागितलं तर म्हणतात "मग भाव बदलेल". वाहतूक पोलिसांनी एकदा हायवेवरच्या नाक्याऐवजी स्पेअर पार्टच्या गल्लीत चक्कर मारावी, आणि तुमच्या बातमीदारालाही सोबत न्यावं.

आपला,
एक पिकअपवाला शेतकरी, ता. जुन्नर