कंबरेचं माप कुठे गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला मधुमेहावरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं म्हणून लिहितेय. लेख सगळाच चुकीचा आहे असं म्हणत नाही, चाला, गोड कमी करा, वेळेवर झोपा, हे बरोबरच आहे. पण पानभर नुसतं वजन, वजन आणि वजन, वर जिलबी खाणाऱ्या ढेरपोट्या माणसाचा फोटो, आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, २५ च्या आत असेल तर काळजीचं कारण नाही म्हणे. आपल्या लोकांसाठी २३ च्या पुढेच वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा, एवढं तरी डॉक्टरांना विचारून छापायचं होतं. कंबर हा शब्द तर मी दोनदा शोधला, कुठेच नाही.

माझे मिस्टर पहिल्यापासून बारीक. हातापायांवर मांस नाही, लग्नातलं वजन आणि रिटायर होतानाचं वजन यात फारसा फरक नसेल. सासूबाईंना शुगर होती, शेवटी पायाचं बोट काढावं लागलं, ते सगळं मी घरात बघितलंय. त्यामुळे फॅमिली डॉक्टरांकडे गेलो की मी दरवेळी म्हणायचे, यांची एकदा साखर बघून घ्या ना. उत्तर ठरलेलं, "वहिनी, यांना कसली शुगर होतेय, अंगावर मांस तरी आहे का!" वजनकाट्यावर उभं करायचे, ६२ किलो, नॉर्मल, बीपीची गोळी लिहून दिली की झालं. आता बघा, माणसाला बीपी आहे, आईला शुगर होती, वय पन्नाशीच्या पुढे, दिवसभर फोर्टातल्या ऑफिसात खुर्चीवर बसून काम, आणि डोंबिवलीहून गर्दीत उभं राहून जाणं-येणं याला व्यायाम नाही म्हणत हो, ती नुसती दमणूक, तरी उपाशीपोटीची एक साधी तपासणी कुणाला लिहून द्याविशी वाटली नाही.

कळलं कधी, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासायला दिलं तेव्हा. उपाशीपोटी साखर २१८, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ९.६. ऑपरेशन पुढे ढकललं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ड्रॉप घालून आत बघितलं तर पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके, म्हणाले हे आजकालचं नाही, साखर काही वर्षं तरी वाढलेली असणार. ना जास्त तहान, ना रात्री सारखं उठणं, ह्यांना काहीच जाणवलं नव्हतं.

मग मधुमेहाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या मॅडमनी वजनाच्या आधी टेप घेतली. शर्ट वर करायला लावला, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरली, श्वास सोडा म्हणाल्या. ९४ सेंटिमीटर, म्हणजे ३७ इंच. हे म्हणतात, अहो माझी पँट ३४ ची आहे. त्या म्हणाल्या, काका, पँट तुम्ही पोटाच्या खाली बांधता. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही हद्द आहे, त्याच्या पुढे गेलं की धोका. मग त्यांनी कागदावर मधुमेहाच्या धोक्याचे मार्क मांडले, चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेने २००५ साली आपल्या लोकांसाठी बनवलेली पद्धत आहे ती. वयाचे ३०, कंबरेचे १०, बैठं काम आणि व्यायाम नाही त्याचे ३०, आईला मधुमेह त्याचे १०, झाले ८०. साठ किंवा जास्त आले की धोका मोठा, लगेच रक्त तपासायचं. माझा संताप होतो तो इथे. सुई न टोचता पाच मिनिटांत होणारा हिशोब, तो इतक्या वर्षांत कुणीही करू शकलं असतं, आणि डोळे वाचले असते.

आणि बारीक दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही चरबी जास्त असू शकते हे जगाला दाखवलं कुणी, तर आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याच्या माणसाचं हे काम मराठी पेपरच्या मधुमेहावरच्या लेखात एका ओळीनेही येऊ नये याचं वाईट वाटतं. माझ्या जावेला बाळंतपणात शुगर झाली होती, नंतर गेली, अशा बायकांनाही पुढे धोका असतो, त्यांचंही लेखात नाव नाही.

अजून एक. त्याच अंकात आतल्या पानावर "मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या-इन्सुलिन कायमचे बंद" अशी पाव पान जाहिरात आहे. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, ज्या आजारांवर अशी जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत मधुमेह स्पष्ट लिहिलाय. आमच्या ह्यांनी ती जाहिरात कापून फ्रीजला लावलीय आणि सकाळपासून विचारतायत, फोन करून बघू का. इन्सुलिन चालू असलेला माणूस आहे तो, त्याने उद्या तुमच्या पेपरवर विश्वास ठेवून ते बंद केलं तर जबाबदार कोण?

तेव्हा ही जाहिरात पुन्हा छापू नका. आणि पुढच्या पुरवणीत कंबर कुठे आणि कशी मोजायची ते आणि तो मार्कांचा तक्ता छापा, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)