जेवण उत्तम, पण तक्रार ऐकायची कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूर शहरात आणि शहराबाहेर बार्शी, औसा, अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अलीकडे हॉटेले, ढाबे आणि खानावळी फार वाढल्या आहेत. नोकरीच्या कामामुळे माझे दुपारचे जेवण बहुतेक वेळा बाहेरच होते आणि सुटीच्या दिवशी घरची मंडळीही हौसेने हॉटेलात जातात, त्यामुळे चांगले आणि वाईट असे दोन्ही अनुभव पुष्कळ गाठीशी आहेत. आपल्या भागात चवीला कधी तोटा नव्हता. ग्राहकाने काही सांगितले तर ते ऐकून घेण्याची रीत मात्र फार थोड्या ठिकाणी दिसते, आणि हॉटेल चांगले की वाईट हे माझ्या मते तिथेच ठरते. त्याविषयीच हे पत्र लिहीत आहे.

चवीचे श्रेय आधी दिले पाहिजे. चुलीवरची ज्वारीची भाकरी, भाजलेल्या धान्य-डाळींच्या पिठाची म्हणजे येसराची आमटी, काळ्या मसाल्यातले वांगे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा असे ताट आज आपल्याकडच्या साध्या खानावळीत माफक दरात मिळते. सकाळी चुरमुऱ्यांचा गरम सुशीला मिळतो, निलंग्याकडे गेल्यास निलंगा राईस मिळतो, औसा तालुक्यातल्या उजनीची बासुंदी खाण्यासाठी प्रवासी मुद्दाम थांबतात आणि छत्रपती संभाजीनगरात नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) खाल्ल्याशिवाय पाहुण्यांचा पाय निघत नाही. पूर्वी हॉटेलात जाऊन भाकरी मागणे लोकांना कमीपणाचे वाटायचे. तो संकोच लहान हॉटेलवाल्यांनी मोडला आणि घरचे पदार्थ मेनूकार्डावर आणले, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

निलंगा रस्त्यावरच्या एका लहानशा हॉटेलातला अनुभव सांगते. आमटी खारट झाली होती. मी वेटरला तसे सांगताच गल्ल्यावर बसलेले मालक स्वतः उठून आले, त्यांनी वाटी उचलून नेली, आत जाऊन आमटी चाखून पाहिली आणि बाजूच्या टेबलांवर ज्यांना तीच आमटी वाढली होती त्यांनाही जाऊन विचारले. थोड्या वेळात सगळ्यांसमोर गरम पिठले आले आणि बिलात आमटीचे पैसे लावले नव्हते. चूक कोणत्याही स्वयंपाकघरात होते, घरीही होते. ती मान्य करणारा माणूस समोर उभा राहिला की ग्राहकाच्या मनात राग उरत नाही. आमच्या कार्यालयातले लोक त्या बाजूला गेले की आजही तिथेच जेवतात.

याउलट शहरातल्या एका मोठ्या, दिवे आणि सजावट उत्तम असलेल्या हॉटेलात भाजीतल्या पनीरला आंबूस वास येत होता. वेटरला सांगितले तर तो म्हणाला, ‘‘मॅडम, सकाळपासून सगळे तेच खात आहेत.’’ मॅनेजरला बोलवा म्हटल्यावर बराच वेळ कोणी आले नाही आणि शेवटी पूर्ण रकमेचे बिल टेबलावर ठेवण्यात आले. त्या बिलात न मागता आणून ठेवलेल्या कांदा-लिंबाच्या ताटलीचे आणि पापडाचे पैसे होते, शिवाय पाच टक्के कर लावलेला होता आणि बिलावर जीएसटी क्रमांक कुठेच नव्हता. विचारणा केल्यावर ‘‘कॉम्प्युटरच तसे बिल काढतो,’’ असे उत्तर मिळाले. नासलेल्या पनीरपेक्षा मला हे उत्तर अधिक लागले, कारण त्यात समोरच्या माणसाला काही कळत नाही असे गृहीत धरलेले होते.

या कराबाबत वाचकांना माहिती असावी म्हणून थोडे सविस्तर लिहिते. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांतल्या जेवणावर, वातानुकूलित असो वा नसो, पाच टक्के जीएसटी आहे. पण तो नोंदणी असलेल्या व्यावसायिकालाच घेता येतो, आणि जो व्यावसायिक कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत आहे त्याने हा कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो; तो ग्राहकाकडून घेता येत नाही आणि तसे बिलावर लिहावे लागते. याखेरीज अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणे बंधनकारक आहे. जीएसटीचा आणि अन्न परवान्याचा असे हे दोन क्रमांक बिलावर आहेत की नाहीत, हे पाहायला काही क्षण पुरतात. पैसे घेऊन कागदाच्या चिठोऱ्यावर नुसती बेरीज लिहून देणाऱ्या ठिकाणी मात्र पाहायलाही काही नसते आणि उद्या तब्येत बिघडली तर आपण तिथे जेवलो होतो याचा पुरावाही हाती राहत नाही. सेवा शुल्काबाबतही (सर्व्हिस चार्ज) नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. त्यांनुसार हे शुल्क आपोआप बिलात लावून ग्राहकावर लादता येत नाही.

पाण्याच्या बाटलीबाबत हॉटेलवाल्यांची बाजूही सांगायला हवी. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मान्य केले आहे, त्यामुळे त्यावरून वेटरशी भांडणे योग्य नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या आपल्या शहरात हॉटेल चालवणाऱ्याला टँकरचा खर्च किती पडतो याचीही मला कल्पना आहे. परंतु ग्राहक बसताच न विचारता बाटलीचे झाकण उघडायचे आणि साधे पाणी मागितले की तोंड वाकडे करायचे, याचे समर्थन त्या खर्चाने होत नाही.

बायकांच्या अनुभवाबद्दलही थोडे लिहायला हवे. ‘फॅमिली’ अशी पाटी लावलेली खोली अनेक हॉटेलांत सर्वांत कोंदट, मोरीजवळची आणि वेटरच्या नजरेआड असते. एकटी बाई जेवायला आली तर तिला तिथेच बसवले जाते आणि हाक मारूनही कोणी लवकर येत नाही. स्वच्छ, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह असलेले हॉटेल सापडले की आम्ही मैत्रिणी त्याचे नाव एकमेकींना आवर्जून सांगतो. प्रवासातल्या बाईला चवीआधी याची गरज असते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती विद्यार्थ्यांच्या मेसची. शिकवणीच्या गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’मुळे नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, हिंगोली अशा जिल्ह्यांतून हजारो मुले-मुली अकरावी-बारावी आणि ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी इथे येऊन राहतात. हॉटेल आवडले नाही तर मी उद्या दुसरीकडे जाऊ शकते. या मुलांनी महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात, त्यांना रोज दोन वेळा तेच जेवण घ्यावे लागते आणि आईवडील दूर गावी असतात. माझ्या भाचीच्या मेसमधून आंबलेली भाजी आली तेव्हा मुलींनी डबा परत नेऊन दाखवला, त्यावर त्यांना ‘‘पटत नसेल तर दुसरी मेस बघा,’’ असे सुनावण्यात आले, आणि उरलेल्या दिवसांचे पैसे परत मागितल्यावर तसा नियम नसल्याचे सांगण्यात आले. गावी जाण्यासाठी आधी सांगून केलेले खाडेसुद्धा वजा करण्यात आले नाहीत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींनी अशा वेळी कोणाकडे जायचे? त्या गप्प बसतात, बिस्किटे खाऊन अभ्यास करतात आणि घरी फोनवर सगळे ठीक असल्याचे सांगतात.

पुढे भाचीने ज्या मावशींकडे डबा लावला, त्यांच्याकडे खाड्यांची वही दारातच टांगलेली असते. दर रविवारी त्या मुलींना विचारून आठवड्याच्या भाज्या ठरवतात, आणि कोणी आजारी असल्याचे कळले तर त्या दिवशी डब्यात मऊ खिचडी आणि कढी पाठवतात. दर इतरांएवढाच आहे. घरगुती मेसलाही अन्न सुरक्षा नोंदणी घ्यावी लागते. लहान मेससाठी तिचे शुल्क फारसे नसते. मावशींनी ते प्रमाणपत्र स्वयंपाकघरातच लावले आहे. हे काम मन लावून करणाऱ्या बायका आपल्या शहरात आहेत, त्यांचे नाव तोंडोतोंडी पसरले पाहिजे.

ग्राहक म्हणून आपल्या वागण्यातही एक बदल व्हावा असे मला वाटते. हल्ली जेवताना कोणी काही बोलत नाही, मात्र घरी जाऊन मोबाइलवर एक तारा देऊन चार कठोर वाक्ये लिहिली जातात. भाजी बिघडली असेल तर ती ताटात असतानाच मालकाला सांगावी, म्हणजे बाजूच्या टेबलावरचा माणूसही वाचतो. सांगूनही दाद मिळाली नाही तर बिल जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि भेसळ किंवा अस्वच्छता दिसल्यास अन्न व औषध प्रशासनाचा १८००२२२३६५ हा निःशुल्क क्रमांक आहे. तसेच जेवण आवडले तर आत जाऊन भाकरी थापणाऱ्या बाईला तसे सांगावे. तिच्यापर्यंत आपली पसंती सहसा पोहोचतच नाही.

शहरातल्या हॉटेल व्यावसायिकांनी आपापल्या गल्ल्यावर ग्राहकांच्या सूचनांसाठी एक वही ठेवावी आणि ती मालकाने रोज वाचावी. अन्न व औषध प्रशासनाच्या येथील कार्यालयाने जून महिन्यात नवे वर्ग भरण्याआधी विद्यार्थ्यांच्या मेसची स्वयंपाकघरे, पाण्याच्या टाक्या आणि तळणाचे तेल तपासावे, आणि नोंदणी असलेल्या मेसची यादी महाविद्यालयांच्या व वसतिगृहांच्या फलकांवर पालकांना दिसेल अशी लावावी, ही माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, लातूर