कॅमेरा घेण्याआधी

ग्लासगो
रविवार, दुपार

प्रिय दादा,
प्रभूच्या नावात सलाम.

नागपूरच्या आपल्या चर्चचा तरुण संघ उपासना ऑनलाइन दाखवायच्या कॅमेऱ्यासाठी वर्गणी काढतोय, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. माझा वाटा मी देणारच आहे. पण त्याआधी कमिटीपुढे काही गोष्टी मांडशील का? फोनवर घाईघाईत राहून जातील, म्हणून पत्र लिहिते आहे.

तुमची साडेआठची उपासना सुरू होते तेव्हा सध्या इथे पहाटेचे चार वाजलेले असतात. रात्रपाळीत जमेल तेवढी बघते, उरलेली घरी आल्यावर. चित्र दिसतं रे, पण ऐकू येत नाही. मोबाईल मागच्या बाकाजवळ, डोक्यावर पंखा घरघरतोय आणि पाळकसाहेब पार पुढे. संदेश ऐन रंगात येतो आणि नेमका तेव्हाच शब्द कळेनासा होतो. त्यामुळे आधी त्यांच्या कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या. चित्र अंधुक असलं तरी लोक ऐकत बसतात, आवाज कळला नाही की बंद करतात. शिवाय पूर्ण उपासना टाकलीत तरी संदेश कापून वेगळा टाका. आठवड्याच्या मध्यात कुणाला तो परत ऐकायचा असेल तर त्याने दीड तासात कुठे शोधायचा?

आईचंच बघ. मे महिन्यात 45 अंशांत तिला सदरच्या आपल्या चर्चपर्यंत आणणं बरोबर नाही आणि बारीक अक्षर तिला आता दिसत नाही. तिला व्हिडिओ नकोच आहे. स्त्रीसभेतल्या कुणी रोज एक स्तोत्र नाहीतर शुभवर्तमानातला एखादा उतारा सावकाश वाचून चार-पाच मिनिटांचा आवाज व्हॉट्सॲपवर पाठवला, तर ती उशाशी फोन ठेवून ऐकेल. अॅपवर मराठी बायबलचं वाचन मिळतं हे मला माहीत आहे. पण ओळखीच्या बाईचा आवाज आला की आईला आपण मंडळीतच बसलोय असं वाटेल. मात्र आख्खी पुस्तकं रेकॉर्ड करायची असतील तर बायबल सोसायटीला आधी विचारा. भाषांतराचे हक्क असतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. मागे आपल्या एका लाइव्हखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा, घरी सांगू शकत नाही.’ त्याखाली नुसते जोडलेले हात आणि आमेन. ‘काय झालं, बोलायचंय का?’ असं एकानेही विचारलं नव्हतं. मला दिवसभर चैन पडलं नाही. त्या माणसाने दार वाजवलं होतं, दादा. कॅमेरा कितीही चांगला घेतला तरी दार उघडणारं कुणी नसेल तर ती सेवा कशी होणार?

कवी ना. वा. टिळकांचं आठव. राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात त्यांच्या हाती नवा करार आला, आणि 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुस्तक तर त्या काळी पुष्कळांच्या हाती जात होतं. पण त्यांना ते समोर बसलेल्या माणसाने, गप्पा मारत दिलं होतं. योहानानेही दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहिलंय की बरंच लिहायचं आहे, पण कागद-शाईने नको, समोरासमोर बोलू. म्हणून माझं म्हणणं असं की कॅमेरा कोण धरणार याच्या आधी उत्तर कोण देणार ते ठरवा. दोन वडीलधारी माणसं, त्यात एक बाई हवीच. बायकांच्या अडचणी तरुण पोराने वाचाव्यात हे बरं नाही. मेसेज आला की त्याच दिवशी उत्तर, आणि माणूस नागपुरातला असला, त्याची तयारी असली, तर भेट.

त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि ज्याने अजून घरी सांगितलेलं नाही त्याला ते महागात पडू शकतं. लिस्टमध्ये आणखी कोण कोण आहे ते मेसेज मिळणाऱ्यांना कळत नाही, आणि उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे येतं. 256 जणांपर्यंत एक लिस्ट होते, फक्त त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा.

आणि प्रार्थनेची यादी लाइव्हमध्ये वाचू नका, हात जोडते. एका मंडळीत एका मुलीचा आजार नावानिशी वाचला गेला, आणि ती क्लिप तिच्या सासरपर्यंत गेली. माइक बंद करूनही देव ऐकतोच. आपल्या विश्वासाची साक्ष देणाऱ्यालाही आधी विचारा, आणि लहान मुलांचे चेहरे आईबापांच्या परवानगीशिवाय नकोत.

गाण्यांचं म्हणशील तर टिळकांची गीतं बिनधास्त गा. ते 1919 साली गेले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात. पण दुसऱ्याचा तयार ट्रॅक वाजवलात तर हक्कांपायी व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. आपली पेटी-तबला आहे ना!

अजून एक सुचतंय. प्रत्येक मंडळीला वेगळा चॅनल कशाला? 1970 साली सहा वेगवेगळ्या चर्च-संस्थांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी केली ती आपल्या नागपुरातच. मग दोन-तीन मंडळ्यांचे तरुण मिळून एक चांगलं मराठी चॅनल चालवू शकणार नाहीत? मोहननगरच्या मुलांना विचार, त्यांच्यात एडिटिंग येणारे नक्की असतील.

पैसे या आठवड्यात पाठवते. त्यातून आधी माइक घ्या आणि उत्तर देणाऱ्या दोघांसाठी एक वेगळा नंबर. उरले तर कॅमेरा. कमिटी काय म्हणते ते कळव, आणि पाळकसाहेबांना हे पत्र वाचायला दिलंस तरी चालेल. आईला सांग, गुरुवारी सुटी आहे, तुमच्या संध्याकाळी फोन करते.

तुझी,
छोटी