कात्रण फ्रिजवर, गोळ्या कचऱ्यात

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख आमच्या ह्यांनी कापून फ्रिजवर चिकटवलाय. 'कोलेस्टेरॉल कमी, तर कॅन्सरने मृत्यूचा धोका जास्त' हे ठळक मथळ्यात. 'मात्र कारण उलटंही असू शकतं' हे पार शेवटी, दंतमंजनाच्या जाहिरातीला टेकून. तिथपर्यंत हे पोचलेच नाहीत. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेला माणूस, आज सकाळी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांची, अख्खी पट्टी केराच्या बादलीत! घंटागाडी यायच्या आत माझं लक्ष गेलं म्हणून बरं.

उलटं म्हणजे काय, ते मी घरात पाहिलंय. २०१६ साली माझ्या मोठ्या दिरांचं कोलेस्टेरॉल २३८ वरून १४१ वर आलं. ना गोळी, ना पथ्य. भाऊजी रिपोर्ट खिशात घालून येईल त्याला दाखवत होते. त्या आनंदात सगळे मिसळ खायला गेलो. त्यांनी एक पाव जेमतेम संपवला, दुसरा तसाच ठेवला. पट्टा दोन भोकं आत गेला होता, त्याचं श्रेय गोदापार्कच्या फिरण्याला. चार महिन्यांनी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. गाठ आधीची, भूक, वजन आणि कोलेस्टेरॉल तिच्यामागून उतरत गेलं. आम्ही मात्र पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

ही शंका शास्त्रज्ञांनाही जुनीच. १९८६ साली काटान नावाच्या डच संशोधकाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला (माझ्यासारखंच!) पत्र लिहून सुचवलं होतं, की जनुकांमुळे जन्मापासूनच ज्यांचं कोलेस्टेरॉल कमी असतं, त्यांना कॅन्सर जास्त होतो का ते बघा, आजाराने जनुक थोडंच बदलतं? आणि २०१२ मध्ये स्टॅटिनच्या २७ चाचण्यांमधल्या पावणेदोन लाख लोकांचा हिशेब प्रसिद्ध झाला. गोळीने कोलेस्टेरॉल उतरवलेल्यांत कॅन्सरही वाढला नव्हता, त्याने होणारे मृत्यूही नाहीत. आपल्या लेखकांना दंतमंजनाच्या वर एवढी जागा मिळाली नसावी.

डॉक्टरांनी फोनवर 'गोळी आजच सुरू करा' म्हणून बजावलंय. हे म्हणतात, 'पेपरात छापून आलंय.' तेव्हा कृपा करून खुलासा छापा, मथळ्याच्याच टायपात. फ्रिजवर जागा आहे.

जाता जाता, गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक