सुमे, कार्डावर तिखलं वरच ठेव

प्रिय सुमे,

देवबागच्या जागेचं नक्की झालं हे वाचून इतका आनंद झाला म्हणून सांगू! समुद्राकाठी आपलं हॉटेल असावं हे तू कॉलेजात असल्यापासून म्हणत होतीस. आता तुझा प्रश्न. पर्यटक पनीर आणि नूडल्स मागतात, भावोजी म्हणतात की बांगड्याचं तिखलं तर घरोघरी शिजतं, त्याला जास्त पैसे कोण मोजणार, मग मेनूकार्डावर ठेवू तरी काय? तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही मॉरिशसला होतो, ह्यांच्या कामासाठी. आणि तिथे एका संध्याकाळी जे जेवले, तेच मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर वाटतं. म्हणून सविस्तर लिहिते.

फ्लिक आं फ्लाक हा तिथला पश्चिमेकडचा किनारा. सुरूची झाडं थेट आपल्यासारखी. हॉटेल चांगलंच ऐटीतलं होतं: काळ्या दगडाच्या भिंती, वर उसाच्या पाल्यानं शाकारलेलं छप्पर, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, आणि शेवटची टेबलं पाण्यापासून जेमतेम चार पावलांवर. अशा ठिकाणी आधी फ्रेंच नावांचे पदार्थ येणार, बेटावरचं काही असलंच तर शेवटच्या पानावर कोपऱ्यात, असं मी धरून चालले होते. कार्ड उघडलं तर पहिल्याच ओळीत विंदाय.

विंदाय म्हणजे तिथल्या घरांतला रोजचा पदार्थ. आम्हाला कुप्याचं, म्हणजे टूनाचं मिळालं. माशाचे बेताचे तुकडे मीठ लावून तळायचे, मग तेलात छोटे कांदे, लसणीच्या अख्ख्या पाकळ्या, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, हळद आणि भरड वाटलेली मोहरी परतायची, वर व्हिनेगर घालायचं आणि मासे त्यात मुरत ठेवायचे. खायचं दुसऱ्या दिवशी, थंडच. ताटलीत पिवळाधमक तुकडा, त्याच्या कडेला मोहरीचे फुटके दाणे चिकटलेले, लसूण अजून दाताखाली लागेल इतकीच शिजलेली. पहिल्या घासाला मोहरी नाकात गेली आणि मागून आंबटपणा आला. मी खरंच काही वेळ बोलले नाही. ह्यांनी त्यांचा स्टेक अर्धा टाकून माझ्या ताटलीत हात घातला.

वाढणारी मुलगी जवळच्या कास्कावेल गावची निघाली. मराठी घरातली! तिथे मराठी वस्ती आहे हे मला ऐकून माहीत होतं, पण समोर भेटल्यावर अंगावर काटा आला गं. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले, मजूर नेले, त्यातले आपले लोक मुंबई बंदरातून गेले, बरेचसे रत्नागिरी-सावंतवाडीकडचे. पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर ते उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. आम्ही तोही पाहिला. तिथल्या दगडी पायऱ्या बघताना मला सारखं वाटत होतं, इथे उतरलेल्यांतलं कुणीतरी आपल्या वाडीतलं असेल. मुलगी तिथली क्रिओल बोली आणि फ्रेंच बोलणारी, मराठी जेमतेम, पण आरत्या पाठ. घरी गणपती बसतो, चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. ती म्हणाली, विंदाय आमच्याकडे, शेजारच्या आफ्रिकी वंशाच्या क्रिओल घरात, तमिळांकडे, सगळीकडे होतं. हॉटेलात मोहरी किती भरड ठेवायची ते स्वयंपाकघरातल्या गावच्या बायकांनीच शेफला शिकवलं. हे सांगताना तिला जो अभिमान वाटत होता ना, तो मला तुझ्याकडच्या वाढणाऱ्या पोरींच्या तोंडावर बघायचाय.

आणखी एक गोष्ट मनापासून आवडली. ऑक्टोपस हा त्यांचा लाडका, पण कार्डावर त्याच्यापुढे लिहिलं होतं, सध्या बंदी आहे, मिळणार नाही. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथे ऑक्टोपस धरत नाहीत. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर हे आधी, २०१२ मध्ये सुरू झालं. ऑक्टोपस भराभर वाढतो, त्यामुळे दोन महिने सोडला तरी पुढे मोठा आणि जास्त मिळतो. सुमे, आपली जून-जुलैची मासेमारी बंदी तूसुद्धा अशीच कार्डावर ठळक लिही. बर्फातली सुरमई ताजी म्हणून वाढू नकोस. त्या दिवसांत सुकटीची चटणी, सोड्यांची खिचडी, फणसाची भाजी दे. काय कमी आहे गं त्यात?

टेबलं मात्र त्यांच्यासारखी पाण्याजवळ मांडू नकोस. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाची भिंत आहे, लाटा लांबवर तिथेच फुटतात. भरती-ओहोटीचा फरकही जेमतेम अर्धा मीटर. आपल्याकडे अमावस्या-पौर्णिमेला पाणी कुठवर येतं ते तुला मी सांगायला नको. वर ओटा बांध, माडांच्या आतल्या बाजूला.

सगळंच छान होतं असं नाही. गाणी इतकी मोठ्यानं की समुद्र ऐकूच येईना. पामच्या झाडाच्या कोवळ्या गाभ्याचं सॅलड फार नावाजलेलं, पण त्यासाठी कैक वर्षं वाढवलेलं झाड तोडतात हे कळल्यावर मला ते गोड लागलं नाही. शिवाय १५ टक्के कर काही हॉटेलांत दरात धरलेला असतो, काहींत वरून लागतो. तुझ्या कार्डावर एकच काय तो आकडा असू दे. शेवटी रताळ्याच्या पारीत खोबरं-साखर भरून तळलेले गातो पातात आले, अगदी करंजीच्या आकाराचे, आणि तेही गरमागरम. तिथे हे रस्त्यावर कागदात गुंडाळून मिळतात. इथे चांदीच्या रंगाच्या ताटलीत आले, चव तीच.

तेव्हा भावोजींना माझा निरोप दे: तिखलं पहिल्या ओळीत, तिरफळ घालून, तुझ्या सासूबाई करतात तसंच दाट. मग तिसऱ्यांचं सुकं, घावणे, आणि सोलकढी ताज्या नारळाच्या दुधाची, पाकिटातल्या पावडरीची नको. गोडाला मालवणी खाजं. पनीर ठेवायचंच तर ठेव, पण शेवटच्या पानावर. आणि तिखलं घरोघरी होतं म्हणूनच तर ते इतकं नेमकं होतं! पुण्याहून येणाऱ्या माणसाच्या घरी ते कुठे होतं? वाटण पाट्यावरचं असेल, मासा सकाळच्या रापणीचा असेल, तर त्याचे पैसे माग, संकोच करू नकोस.

दिवाळीनंतर मी येतेच आहे. कुपा मिळाला तर बघून ठेव, नाहीतर सुरमई चालेल. विंदाय तुझ्या चुलीवर करून पाहू, व्हिनेगराऐवजी आपली कोकमं घालून कसं लागतं तेही कळेल. स्वयंपाकघराचा नकाशा काढला असशील तर फोटो पाठव, धुरांडं कुठल्या बाजूला घेतलंयस ते मला बघायचंय. सासूबाईंच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर? सगळ्यांना नमस्कार, पिंट्याला पापा.

तुझीच,
मंदा