मनू, दाराखालून सरकवतोय

मने,

दार वाजवलं नाही, कारण तू उघडलं असतंस तर मी परत तेच बोललो असतो. काल तोंडातून गेलं ना, "एवढी फी कशाला भरतोय मी", ते तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ती शाळा मी निवडली, तू नाही. तीन वर्षांची होतीस, इंटरव्ह्यूला मीच जास्त घाबरलेलो, आणि तू मॅडमना विचारलंस की तुमच्याकडे मांजर का नाही.

पेपरवर माझी खोटी सही केलीस त्याचा राग आहे, नाही म्हणणार नाही. पण मार्क ॲपवर येतातच हे तुला पक्कं माहीत होतं, तरी सही केलीस, म्हणजे दोन दिवस तरी माझ्यापासून सुटका हवी होती तुला. हे जास्त लागलं.

रात्री दोनला तुझ्या दाराखालून उजेड दिसतो. जाऊदे, झोपेचं आज काढायचं नाही असं ठरवलंय.

परवा पालकांच्या ग्रुपवर पर्सेंटाइलचा तक्ता आला आणि मी वेड्यासारखा तुझं नाव शोधत खाली खाली गेलो. नंतर डोक्यात आलं, पर्सेंटाइल म्हणजे तुला किती येतं ते नव्हेच, किती जण तुझ्या मागे आहेत ते. सगळ्या वर्गाने जीव तोडून अभ्यास केला तरी निम्मी पोरं मधल्या रेषेच्या खालीच राहणार की! मार्श आणि पार्कर या दोघा संशोधकांनी १९८४ मध्येच मांडलं होतं, की निवडक हुशार मुलांच्या शाळेत तेवढंच येणारं मूल स्वतःला कमी समजायला लागतं. आम्ही मात्र अशीच शाळा शोधत फिरलो.

आणि तुझ्या वयाला ८ ते १० तास झोप लागते, दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो, त्यामुळे दोन वाजेपर्यंत बसून तू उलट... झालं माझं लेक्चर सुरू. सॉरी.

मी दहावीला असताना आप्पा समोर पेपर उघडून बसायचे आणि अर्धा अर्धा तास पान उलटायचे नाहीत. मला वाटायचं पहारा देतायत. आता मी हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसतो, स्क्रीन कधीच बंद झालेली असते, तेव्हा कळतं की घाबरले होते बिचारे. आत्याचं सगळं नुकतंच होऊन गेलं होतं ना.

गेल्या रविवारी चिनूला अपूर्णांक समजावत होतीस ते मी दाराआडून ऐकलं. मला शाळेत कोणी असं सांगितलं असतं तर! हे तेव्हाच आत येऊन बोलायला हवं होतं, पण मी विचारलं काय, तर तुझा स्वतःचा अभ्यास झाला का.

पेपर टेबलावर ठेवलाय, तुझ्या सहीखाली माझी केलीये. तुझीच जास्त बरी दिसते. उद्या टीचरना भेटायला दोघं जाऊ, बोलायचं तू, मी गप्प बसेन, निदान प्रयत्न करेन.

आत्ता पण उजेड दिसतोय गं. बंद कर ना.

बाबा